आजी-आजोबा परदेशी मुक्कामाला येतात तेव्हा: लहान मुलांच्या घरातली तयारी, पहिल्या बोलण्यापासून परतीच्या विमानापर्यंत

आई आमच्याकडे येऊन आठ दिवस झाले होते. संध्याकाळी साडेपाचला मी दोन्ही मुलांना घेऊन घरात शिरले, तर ती खिडकीपाशी बसलेली. पायात बाहेरचे बूट, अंगात कोट, मांडीवर पर्स. मला वाटलं, आत्ताच फिरून आली असेल. तर म्हणाली, "नाही गं, सकाळी अकरालाच तयार झाले होते. पण हे दार ओढलं की आपोआप लागतं ना? मग परत आत कशी येणार? म्हणून थांबले."

साडेसहा तास. तिची किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर लटकत होती. पहिल्याच दिवशी मी ती दाखवून "ही तुझी" म्हटलं होतं. पण तिच्या हाताने एकदाही कुलूप उघडून घेतलं नव्हतं. व्हिसा, विमा, उबदार पांघरुणं, सगळं मी चोख केलं होतं. माझ्या आईला या घरात स्वतःच्या पायावर वावरता येईल का, हे मात्र पाहिलं नव्हतं.

त्यानंतर आईच्या दोन आणि सासू-सासऱ्यांची एक फेरी झाली. आता माझं मत पक्कं आहे. आलेल्या आजीला पाहुणी म्हणून नुसतं बसवून ठेवणं आणि बिनपगारी आया करून टाकणं, दोन्ही वाईट. तिला घरातलं माणूस व्हायचं असतं, आणि त्यासाठी घर तिच्या हाताखालचं करून द्यावं लागतं. खाली सगळं कामांच्या क्रमाने लिहिते आहे.

तिकीट काढण्याआधी: स्पष्ट बोलणं

"ये ना, मुलांना बरं वाटेल" एवढ्यावर तिकीट काढू नका. तुम्हाला मदत हवी आहे की सहवास, की दोन्ही, हे आधी नवरा-बायकोने आपसात ठरवा आणि मग मोकळेपणाने सांगा. मदत हवी असेल तर तिला तास असू द्यात: "आई, दुपारी साडेतीन ते साडेपाच मुलांजवळ तू असशील का? बाकी दिवस तुझा." "जमेल तेवढं कर" हे वाक्य प्रेमळ वाटतं, पण ते ऐकणारी आजी दिवसभर उभी राहते, कारण किती केलं म्हणजे पुरे हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

पाळणाघर किंवा शाळेनंतरची सोय पूर्ण बंद करू नका. दिवस कमी करा हवं तर. सत्तरीच्या माणसाने दोन वर्षांच्या मुलामागे सलग आठ तास धावणं ही मोठी मजुरी आहे. आणि आजी आजारी पडली तर त्या दिवशी तुमच्याकडे दुसरा मार्ग उरत नाही.

मुक्काम किती? पहिलीच फेरी असेल तर मी सहा ते आठ आठवडे म्हणेन. पहिले दोन आठवडे झोप आणि घर समजण्यात जातात, त्यामुळे तीन आठवड्यांसाठी बोलावणं म्हणजे ओळख होताच निरोप. सहा महिने फार लांब होतात. बरोबरीची माणसं, स्वतःचं घर, रोजचे रस्ते हे सगळं तुटलेलं माणूस चौथ्या महिन्यात आतून मिटायला लागतं. जिथे हिवाळ्यात चारलाच अंधार पडतो तिथे पहिली भेट उन्हाळ्याकडे झुकलेली ठेवा. बाळंतपणासाठी येणार असतील तर अर्थातच तारीख तुमच्या हातात नसते. मग निदान तीन आठवडे आधी बोलवा, म्हणजे बाळ यायच्या आत त्यांची झोप जागेवर येते.

कागदपत्रं

पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी, असा अनेक देशांचा नियम आहे. म्हणून सगळ्यात आधी ती तारीख पाहा. दुसरी गोष्ट, व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत हे दोन वेगळे आकडे असतात. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका फेरीत किती दिवस राहायचं ते बऱ्याच ठिकाणी उतरल्यावरच ठरतं, आणि शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत) तर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस असा हिशोब आहे. शिक्क्यावरची तारीख आल्याच्या दिवशी वाचून कॅलेंडरमध्ये लिहा.

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने "का आलात?" विचारलं तर काय सांगायचं, हे घरी बसून शांतपणे बोलून ठेवा. खरंच सांगायचं, पण नेमकं: मुलीला, नातवंडांना भेटायला. "मुलं सांभाळायला आले" हे वाक्य काही देशांत काम करायला आल्यासारखं ऐकलं जातं आणि प्रश्न वाढतात. तुमच्या देशात भेटीच्या व्हिसावर नातवंडं सांभाळण्याबद्दल काय नियम आहे, तो अर्ज करण्याआधीच वाचा. तुमचा पत्ता, फोन, परतीचं तिकीट आणि विम्याची प्रत एका कागदी पाकिटात द्या. फोनची बॅटरी संपलेली असते तेव्हाच नेमकं ते लागतं.

मागे राहिलेल्या घराचंही बघा. हयातीचा दाखला देण्याची वेळ मुक्कामाच्या मधे येते का? बँकेचा ओटीपी कोणत्या नंबरवर येतो? तो नंबर रोमिंगवर चालू ठेवला नाही तर आजोबांचा सगळा आर्थिक व्यवहार ठप्प होतो. मग स्वतःच्याच पैशांसाठी जावयापुढे हात पसरल्यासारखं त्यांना वाटतं. ही टोचणी ते बोलून दाखवत नाहीत.

तब्येत, औषधं, लसी

निघण्याच्या महिनाभर आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे एक फेरी हवीच. उडत्या विमानात आतला हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. हृदयाचं किंवा फुफ्फुसाचं दुखणं असलेल्याला जाणवू शकतं, म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं की हा प्रवास चालेल ना. दात आणि डोळे इकडे येण्याआधीच तपासून घ्या. प्रवासी विम्यात दातांचं नेहमीचं काम सहसा बसत नाही.

औषधं संपूर्ण मुक्कामाची आणि वर दोन-तीन आठवड्यांची. ती मूळ वेष्टनात आणि हातातल्या बॅगेत असू द्यात. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं, कारण दुसऱ्या देशातला डॉक्टर तेच ओळखतो. तिकडे सहज मिळणाऱ्या काही गोळ्या, विशेषतः झोपेच्या, तीव्र वेदनाशामक आणि खोकल्याच्या, इकडे नियंत्रित किंवा बंद असू शकतात. यादी आधी तपासा. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकायचं नाही. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. वेळ बदलली की इन्सुलिनचा आणि दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळ्यांचा हिशोब कसा बसवायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं विमानात आठवत नाही.

घरात तान्हं बाळ असेल तर डांग्या खोकल्याच्या आणि फ्लूच्या लसीबद्दल विचारा. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून विमानात बसायच्या आदल्या दिवशी घेऊन फारसा उपयोग नाही. मोठ्यांना साधा खोकला वाटतो, तोच पहिल्या काही महिन्यांतल्या बाळाला जिवावर बेतू शकतो. हे आजी-आजोबांना कारणासकट सांगितलं की ते नाही म्हणत नाहीत. नुसता निरोप धाडला की मात्र मनाला लावून घेतात.

विम्याबद्दल थोडक्यात सांगते. पॉलिसीतल्या दोन गोष्टी स्वतः वाचा, एजंटवर सोडू नका. आधीपासून असलेल्या आजारांचं काय, आणि प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते की प्रत्यक्ष बिलाच्या प्रमाणात. ठरावीक रकमेची पॉलिसी स्वस्त असते आणि रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली की अपुरी पडते. सत्तरीनंतर संरक्षणाची रक्कम कमी होत जाते, तेही पाहा. विमा प्रवासाच्या दिवसापासून सुरू असावा.

घराची तयारी

ही तयारी त्यांच्या उंचीवरून आणि त्यांच्या डोळ्यांनी करायची. एका रात्री सगळे दिवे बंद करून, ते झोपणार आहेत त्या पलंगावरून संडासापर्यंत चालून पाहा. वाटेत काय लागतं? दुमडलेला गालिचा, मुलांच्या गाड्या, फोनची वायर. त्या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवा. न्हाणीघरात न घसरणारी चटई, भिंतीला पक्का बसवलेला दांडा आणि बसून आंघोळ करता येईल असं स्टूल. रबरी पकडीने काचेला चिकटणाऱ्या दांड्यांवर माझा विश्वास नाही, भार पडला की ते सुटतात.

खेळण्यांसाठी आम्ही एक नियम केला. संध्याकाळी साडेसातला मुलं आणि आजी मिळून जमीन मोकळी करतात. थोरलीला सांगितलं, "आजीच्या वाटेवर काही नको, ती पडली तर तिचं हाड लवकर जुळत नाही." चार वर्षांच्या मुलीला ते पूर्ण पटलं. ती धाकट्याला ओरडून ओरडून गाड्या उचलायला लावायची.

आजी मुलांच्या खोलीत झोपणार असेल तर तिला दार लावून बसता येईल अशी दुसरी जागा द्या. पडद्याआडचा कोपरा आणि एक खुर्चीही चालेल. कपाटाचा एक पूर्ण कप्पा रिकामा करा. बॅगेतून कपडे काढून घालणारं माणूस दोन महिने प्रवासातच असतं.

प्रवास

चाकाच्या खुर्चीची मदत विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवा. चालता येत असलं तरी घ्या. मोठ्या विमानतळावर दुसऱ्या विमानाचं दार शोधणं, पाट्या वाचणं आणि रांगा, यात तीच माणसं वाट दाखवतात. आजोबा "मला काय धाड भरलीय?" म्हणतील. "बाबा, खुर्ची चालण्यासाठी नको, रस्ता चुकू नये म्हणून हवी" असं सांगा. माझ्या सासऱ्यांना तेवढं पुरलं.

चार तासांहून जास्त बसून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दर तासा-दोन तासांनी उठून फेरी मारायची, बसल्या जागी पोटऱ्या ताणायच्या, पाणी पीत राहायचं. संडासला जावं लागू नये म्हणून पाणी टाळणं ही आपल्याकडच्या बायकांची जुनी सवय आहे, म्हणून तिकीट काढताना मधल्या वाटेकडची जागाच घ्या. पायाला घट्ट मोजे घालायचे की नाहीत ते डॉक्टरांना विचारून. उतरल्यानंतरच्या काही दिवसांत एकाच पोटरीला सूज किंवा दुखणं आलं तर थकवा म्हणून सोडून देऊ नका, लगेच दाखवा.

पहिले दहा दिवस

शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने सरकतं. दहा तासांचा फरक असेल तर आठ-दहा दिवस लागणार, आणि पूर्वेकडे प्रवास झाला असेल तर जरा जास्तच. यावर उजेडाइतका चांगला उपाय नाही. तिकडून पश्चिमेला आले असतील तर संध्याकाळी लवकर डोळे मिटायला लागतात. अशा वेळी दुपार-संध्याकाळचा उजेड अंगावर घेत बाहेर चालावं. पूर्वेला गेले असतील तर पहिले दोन-तीन दिवस गेल्यावर सकाळचा उजेड घ्यायचा. दिवसा डुलकी आलीच तर अर्धा तास, गजर लावून. पहाटे तीनला जाग येणारच आहे, तेव्हा त्या वेळेची सोय करून ठेवा. आवाज न होता बसायची जागा, वाचायला काही, पाण्याचा तांब्या, आणि कोणता दिवा कुठे लागतो हे ठाऊक. या दहा दिवसांत मुलं त्यांच्या एकट्याच्या भरवशावर ठेवायची नाहीत. झोपेने भरलेलं माणूस पायरी चुकतं आणि स्वतःची गोळीही दोनदा घेतं.

आता किल्लीचं. घरातल्या प्रत्येक यंत्रासाठी आम्ही तीन दिवसांचा रिवाज ठेवला आहे. पहिल्या दिवशी मी करून दाखवते, दुसऱ्या दिवशी दोघी मिळून करतो, तिसऱ्या दिवशी ती करते आणि मी हात पाठीमागे बांधून उभी राहते. दाराचं कुलूप, शेगडी, नळाचं गरम-थंड, कपडे धुण्याचं यंत्र, धुराचा गजर वाजला तर काय करायचं, घरातून बाहेर आणि परत आत. तिसरा दिवस सगळ्यात अवघड, कारण मधे बोलायचा मोह होतो. त्या संध्याकाळनंतर आई आणि मी दाराबाहेर उभ्या राहिलो. किल्ली आत जात होती, पण फिरत नव्हती. मला ठाऊक होतं की दार जरासं स्वतःकडे ओढून मग फिरवायची असते. मी ते हाताने रोज करत होते आणि कधी शब्दांत मांडलंच नव्हतं. "ओढ आणि मग फिरव" एवढं म्हटल्यावर दुसऱ्याच प्रयत्नात दार उघडलं. तिने ते पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं, असं सहा वेळा केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटी कोपऱ्यापर्यंत जाऊन आली.

यंत्रांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवा, मोठ्या अक्षरात, आणि फक्त लागणाऱ्या दोन बटणांच्या. पहिल्या आठवड्यातच तुमच्याबरोबर चालत जाऊन दोन रस्ते पक्के करून घ्या: घर ते बाग आणि घर ते शाळा. पर्समध्ये तुमचा पत्ता आणि दोघांचे नंबर त्या देशाच्या लिपीत असलेला कागद. स्थानिक सिम आल्याच्या दिवशी. त्या देशाचा आपत्कालीन नंबर फ्रिजवर लावा, आणि खाली त्या नंबरवर म्हणायचं एकच वाक्य, उच्चार मराठीत लिहून: मदत हवी, पत्ता, मूल की मोठं माणूस.

औषधाची पर्स आणि लहान हात

या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसले असं म्हटलं तरी चालेल. मूल आणि आजी एका घरात आले की मुलांना औषधाची बाधा होण्याचा धोका वाढतो. आजी-आजोबांच्या गोळ्या मोजून वारांच्या डबीत असतात, ती डबी सहज उघडते, आणि ती असते पर्समध्ये, उशीखाली किंवा पलंगाशेजारी. तुमचं स्वतःचं औषध उंच कपाटात आहे म्हणून तुम्ही निर्धास्त असता.

आमचा धाकटा तेव्हा वीस महिन्यांचा होता. मी खोलीत गेले तर तो जमिनीवर बसून आजीच्या पर्समधली पट्टी दातांनी दाबत होता. चांदीसारखा कागद एका जागी फुटला होता, गोळी अर्धी बाहेर आली होती आणि त्याच्या खालच्या ओठाला पांढरी भुकटी लागली होती. मी बोट घालून तोंड पुसून काढलं, पट्टी मोजली. दहापैकी सहा शिल्लक. आईला त्या दिवसापर्यंत नेमक्या किती घेतल्या ते सांगता येईना. विषबाधेच्या मदतवाहिनीवर फोन केला आणि त्यांच्या सांगण्यावरून सहा तास रुग्णालयात बसून राहिलो. त्याने गिळलं नव्हतं. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांच्या एक-दोन गोळ्याही एवढ्या मुलाला घातक ठरू शकतात, हे मला तिथे समजलं. आई त्या रात्री जेवली नाही, आणि ती चूक तिची नव्हती. तिला उंच आणि बंद जागा मी दिलेली नव्हती.

म्हणून: आल्याच्या दिवशी, बॅग उघडण्याआधी, औषधांसाठी कुलपाचा किंवा उंचावरचा एक कप्पा रिकामा हवा. पर्स टांगायला मुलांचा हात पोचणार नाही अशी खुंटी. प्रत्येक औषधाचं नाव, ताकद आणि मोजलेली संख्या यांचा फोटो तुमच्या फोनवर, म्हणजे काही झालं तर डॉक्टरांना लगेच सांगता येईल. मलम, वेदनाशामक तेल, बाम हेही त्याच कप्प्यात. कानाच्या यंत्राच्या बॅटऱ्याही. नाण्यासारखी चपटी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते, उलटी करवायची नाही, थेट रुग्णालय गाठायचं. तुमच्या देशातल्या विषबाधा मदतवाहिनीचा नंबर आजच फोनमध्ये घाला.

मुलं कशी सांभाळायची यावरून

आजीने तुम्हाला वाढवलं आहे. "तुम्ही नाही का जगलात?" हा प्रश्न येणार आणि त्यात अपमान वाटून घ्यायचं कारण नाही. काही सल्ले मधल्या काळात खरोखर बदललेत. बाळाला पाठीवरच झोपवायचं, कडक सपाट गादीवर, पहिलं वर्षभर उशी-दुलई नाही, हा सल्ला १९९० च्या दशकात जगभर पसरला. त्याआधी पोटावर झोपवायला सांगितलं जायचं, म्हणजे आजी चुकीची नव्हती, तिला तेव्हा तेच सांगितलं गेलं होतं. असं सांगितलं तर पचतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, सहा महिन्यांच्या आत दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. गाडीत मुलाच्या खुर्चीत बसवताना जाड कोट काढायचा, कारण कोटावरून आवळलेला पट्टा धक्क्यात सैल पडतो. आणि मांडीवर मूल असताना हातात चहा-कॉफीचा गरम कप नाही.

हे नियम मोजके ठेवा. आमच्याकडे जिवाशी संबंधित आठ गोष्टी कागदावर होत्या, त्यांत तडजोड नाही. बाकीचं, म्हणजे केस कसे विंचरायचे, किती वेळ कडेवर घ्यायचं, गोष्ट एक की चार, ते आजीचं राज्य. शंभर सूचना दिल्या की त्या आठही हरवतात.

आणि बोलायचं कोणी? ज्याचे आई-वडील त्याने. सासूबाईंना काही सांगायचं असेल तर ते नवऱ्याने सांगावं, तेही मुलांसमोर नाही, त्याच दिवशी रात्री, एकच मुद्दा. सुनेने सांगितलेलं वाक्य तेच असलं तरी त्याला वेगळं वजन येतं, हे तुम्हाला-मला दोघींनाही माहीत आहे.

शाळेतून मूल आणायचं असेल तर आजीचं नाव शाळेकडे लेखी नोंदवा आणि एकदा बरोबर जाऊन शिक्षिकेशी ओळख करून द्या. तुम्ही दोघंही फोनवर नसाल तेव्हा मुलाच्या उपचारांना संमती देणारं पत्र लिहून घरात ठेवा. आजी एकटी असताना कोणत्या शेजाऱ्याकडे जायचं, तेही ठरलेलं असू द्या.

भाषेची संधी

इतक्या वर्षांत तुम्ही घरी मराठी बोलत असाल, तरी मूल उत्तर दुसऱ्या भाषेत देत असेल. आजी हे पहिलं माणूस असतं ज्याच्याशी बोलायला खरोखर मराठी लागते. मधे दुभाषी होऊ नका. आमची थोरली पहिल्या आठवड्यात माझ्याकडे पाहून म्हणायची, "आजीला सांग ना." मी भांडी घासायला वळायचे. त्या दोघी चुकतमाकत, हातवारे करत निभावून न्यायच्या. पाचव्या आठवड्यात ती झोपेत बडबडली ती मराठीत. "बोलून दाखव आजीला" असा आग्रह मात्र करू नका, परीक्षा वाटली की मूल मिटतं. त्यांना एकत्र करायला काम द्या: कपड्यांच्या घड्या, मोजे जोडणं, कुंड्यांना पाणी. कामात शब्द आपोआप येतात, आणि परत परत तेच येतात.

दुपारचे तास

सकाळी आठला सगळे बाहेर पडले की घरात जी शांतता उतरते, तिच्याबद्दल आजी-आजोबा तक्रार करत नाहीत. ते म्हणतात, "आम्ही मजेत." तुम्ही खुणा ओळखायच्या: दिवसभर टीव्ही, दुपारी लांब झोप, तुम्ही आलात की सलग बोलणं किंवा अजिबात न बोलणं, परतीच्या दिवसांची मोजणी. यावर सहली उपयोगी पडत नाहीत. शनिवार-रविवारी पाच ठिकाणं दाखवून सोमवार ते शुक्रवार भरत नाही.

उपयोगी पडतं ते एक रोजचं, स्वतःचं काम, ज्याची वेळ घड्याळात आहे. वाचनालय, बाग, शेजारच्या एखाद्या वयस्क माणसाबरोबर फिरणं. तिकडच्या मैत्रिणींशी फोनची ठरलेली वेळ, त्यांच्या घड्याळाप्रमाणे. आजोबांचं पुस्तक किंवा हिशोबाची वही सोबत आणायला सांगा. हातखर्चाला थोडे स्थानिक पैसे न मागता पर्समध्ये घाला. आठवड्यातली एक संध्याकाळ मुलांपासून पूर्ण सुट्टी, हे तुम्ही स्वतः पाळायचं. आणि दिवसातली पंधरा मिनिटं तुमची: फोन बाजूला, मुलं झोपलेली, फक्त तुमची आई आणि तुम्ही. बोलणं मुलांबद्दल नको. तिला विचारा, आज तिने काय पाहिलं.

आजारी पडले तर

चेहऱ्याची एक बाजू उतरली, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी झोपवून वाट पाहायची नाही. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध सहसा सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. म्हणून शेवटचं नीट कधी पाहिलं होतं ती वेळ लक्षात ठेवा आणि रुग्णवाहिका बोलवा. छातीत दाब, श्वास लागणं, पडल्यावर डोक्याला मार (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच), यांनाही हेच लागू. बाकी साध्या तापा-खोकल्याला कुठे जायचं, ते विमा कंपनीच्या नंबरवर आधी विचारून ठेवा. "उगाच तुमचा खर्च नको" म्हणून आजी दुखणं लपवते. विमा तिच्या नावाचा आहे आणि पैसे भरून झालेत, हे पहिल्या आठवड्यातच सांगा, दुखण्याच्या दिवशी नव्हे.

परतीच्या आधी

मुलांना दहा दिवस आधी सांगा, आणि खरं सांगा. कॅलेंडरवर रोज एक चौकोन खोडायला लावा. "आजी बाजारात गेली" असं सांगून सकाळी निघून जाणं मुलांना फार काळ सलतं. आजी गेल्यावर दुसऱ्याच दिवशीपासून व्हिडिओवर बोलायची वेळ ठरवा, आणि तिला पडद्यावर काहीतरी करायला द्या, एकच गोष्ट रोज दोन पानं वाचणं हे आमचं. नुसतं "काय केलंस आज?" यावर लहान मूल दोन मिनिटांत पळून जातं. तिकडचा वेळेचा फरक तिला पुन्हा आठ-दहा दिवस भोगायचा असतो, तेव्हा पहिला आठवडा तिच्या झोपेप्रमाणे.

निघण्याआधी दोन दिवस एक वही घेऊन बसा आणि पुढच्या वेळी काय बदलायचं ते तिला सांगू द्या, तुम्ही फक्त लिहा. दुसऱ्या फेरीनंतर माझ्या आईने सांगितलेलं माझ्या वहीत असं आहे:

"आंघोळीचं स्टूल चार बोटं उंच हवं. माझ्या खोलीतला दिवा पलंगावरून बंद करता यावा. शाळेच्या वाटेवरच्या बाकावर बर्फ असतो, घडीचं आसन न्यावं. दुपारी दोनला कोणी फोन करू नका, मी झोपते. औषधाच्या कप्प्याची किल्ली माझ्याकडेच राहू दे. धाकट्याला सकाळी निघताना दोन मिनिटं माझ्याकडे सोडत जा, बूट मी घालीन."